सरकारी रोजगार सेवा, नाशिक : ३ स्टार, आणि कृपया फोन करू नका

रिव्ह्यू लिहायचा म्हणून आधीच सांगते, मला ऐकू येत नाही. अजिबात. नऊ वर्षांची असताना मेंदूज्वर झाला त्यात दोन्ही कान गेले, बोलता मात्र येतं कारण तोवर चुरुचुरु बोलायला लागलेच होते, त्यामुळे समोरच्याचा घोळ असा होतो की ही बोलतेय म्हणजे हिला ऐकू पण येत असणार, आणि मग तो मान खाली घालून फॉर्मकडे बघत बोलायला लागतो आणि मला त्याच्या टकलाशिवाय काही दिसत नाही. वय २४, राहायला सिडको, शिक्षण बारावी आणि आयटीआय इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक. गेल्या दोन-अडीच वर्षांत नोकरीसाठी सरकारी म्हणून जे जे आहे ते सगळं मी वापरून झालंय, ऑफिस, पोर्टल, मेळावे, ट्रेनिंग, सगळं. आणि लागली एकदाची नोकरी, अंबडला, पॅनल वायरिंगच्या कामावर, चौथा महिना चालू आहे. लोक हॉटेलच्या मिसळीवर चार पानं लिहितात तर म्हटलं यावर पण कोणीतरी लिहायला पाहिजे.

एक आधीच क्लिअर करते. जिथे जिथे माझं डोकं फिरलं त्या जागांची नावं मी लिहिणार नाहीये. एकतर तिथली माणसं बदलत राहतात, आणि दुसरं म्हणजे नाशिक एवढं पण मोठं नाही, उद्या परत त्याच टेबलासमोर उभं राहायची वेळ येऊ शकते. ज्यांनी मदत केली त्यांची नावं पण नाही, त्यांना उगाच पाचशे फोन जातील.

तर सगळ्यात आधी बाबांचा किस्सा. मी नाव नोंदवून आले त्या दिवसापासून बाबा रोज विचारायचे, "कॉल आला का गं?" त्यांच्या डोक्यात अजून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, नोकरीसाठी नाव नोंदवायचं ते जुनं सरकारी ऑफिस. त्यांच्या वेळी कार्ड मिळायचं, ते रिन्यू करत राहायचं, आणि नंबर लागला की घरी पोस्टानं कॉल लेटर यायचं, असं ते सांगतात. त्यांना स्वतःला एकदाच आलं होतं आणि तेव्हा ते गावाला गेले होते, तो विषय आमच्याकडे दिवाळीला निघतोच. पण आता तसं नाहीये हे मला पण तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. मग मी जरा वाचलं. १९५९ चा जुना कायदा होता त्यात २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं आपल्याकडच्या रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या असं होतं. कळवायच्या. तिथल्या यादीतलाच माणूस घ्यायचा असं त्यात कुठेच नव्हतं. आणि सरकारी भरतीत जी यादी चालायची तिथे १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती एक्स्चेंजकडून नावं मागवून भागणार नाही, जाहिरात देऊन बाकीच्यांना पण संधी द्या. म्हणजे बाबांच्या डोक्यातलं ते कॉल लेटर माझ्या जन्माच्या आधीच मोडीत निघालं होतं आणि आम्ही २०२३ मध्ये त्याची वाट बघत बसलो होतो.

आता त्या ऑफिसची पाटी पण बदलली. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, रिक्षावाल्याला हे सगळं नाव सांगितलं तर तो "ताई, पत्ता सांगा" म्हणतो. काम बहुतेक ऑनलाइन, महास्वयम् नावाचं राज्याचं पोर्टल आहे तिथे नोंदणी करायची, कंपन्या तिथे जागा टाकतात, आपण अप्लाय करायचं. केंद्राचं वेगळं आहे, नॅशनल करिअर सर्व्हिस, ते २०१५ पासून आहे. दोन्हीकडे नाव टाका, फुकट आहे. कोणी सायबर कॅफेवाला "नोंदणी फी" म्हणून पैसे मागत असेल तर ती त्याची टायपिंगची मजुरी समजा, सरकारची फी नाही.

ज्यांना दिव्यांगत्व आहे त्यांनी आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, करून घ्या, बाकी सगळं नंतर. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग हॉस्पिटलात तपासणी. कानाचं असेल तर ऑडिओमेट्री होते आणि डॉक्टरांना गरज वाटली तर बेरा टेस्ट, त्यात डोक्याला वायरी लावून झोपवतात, दुखत नाही. कार्डावर रंगाची पट्टी असते, ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० पासून पुढे पिवळी आणि ८० च्या वर निळी. माझी निळी. ४० हा आकडा लक्षात ठेवा कारण आरक्षण वगैरे सगळं ४० च्या पुढेच सुरू होतं. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत, आधी ३ होत्या, आणि त्यातला १ टक्का आम्हा कानवाल्यांचा, १ अंध आणि कमी दिसणाऱ्यांचा, १ हातापायाच्या दिव्यांगत्वाचा, आणि उरलेल्या १ टक्क्यात ऑटिझम, गतिमंदत्व, मानसिक आजार, शिकण्यातल्या अडचणी आणि एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेले सगळे. त्या शेवटच्या १ टक्क्यात किती गर्दी आहे बघा. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा ऑटिझमचा आहे, त्या म्हणतात आम्हाला डब्याच्या दारात लटकायची जागा दिलीय.

असो. नोंदणी. आता माझ्या खऱ्या दुखण्यावर येते.

प्रत्येक फॉर्मवर, म्हणजे अक्षरशः प्रत्येक फॉर्मवर, मोबाइल नंबर हा लाल स्टारवाला रकाना असतो. त्याच फॉर्मवर वर दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून मी "कर्णबधिर" निवडलेलं असतं. आणि तरीही मुलाखतीचं बोलावणं येतं ते फोनवर! मेसेज नाही, ईमेल नाही, फोन. ते पण ०२५३ च्या लँडलाइनवरून. म्हणजे मला मोबाइलवर दिसतं की कोणीतरी नाशिकचंच बोलावतंय, स्क्रीन उजळते, थरथरते, मी बघत बसते, आणि उलट मेसेज टाकावा तर लँडलाइनला मेसेज जाणार कुठे. पहिल्या वर्षात असे किती कॉल गेले ते मोजले नाहीत, पण एकदा वैतागून मी एका ठिकाणी जाऊन विचारलं तर त्या टेबलावरच्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं, माझ्या नावापुढे तीन वेळा लिहिलेलं, "फोन उचलत नाही". त्याच ओळीत डावीकडे "कर्णबधिर". एकाच ओळीत! मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यांना पण हसू आलं आणि मला पण आलं, काय करणार.

मग मी आईचा नंबर दिला. ही माझी आयडिया, त्यामुळे याचं खापर कोणावर फोडत नाही. आईला दिवसातून चार फोन लोनवाल्यांचे येतात. तिनं ठरवून टाकलंय की अनोळखी नंबर म्हणजे लोन. सिन्नरच्या एका कंपनीतून मुलीनं फोन केला, "अमुक अमुक आहेत का, इंटरव्ह्यूबद्दल बोलायचं होतं", आईनं "आम्हाला नको, आमच्याकडे आहे" म्हणून ठेवून दिला. काय आहे आमच्याकडे ते तिचं तिलाच माहीत. ही गोष्ट मला कळली आठवड्यानं, ती पण गप्पा मारताना, "परवा कोणीतरी सिन्नरची लोनवाली होती बघ" अशी. आई बिचारी दोन दिवस जेवली नाही नीट, मी पण बोलले जरा जास्तच.

त्यानंतर बायोडेटाच्या एकदम वर, नावाच्या पण वर, ठळक अक्षरात लिहिलं : कॉल करू नका, व्हॉट्सअॅप किंवा मेसेज करा, मला ऐकू येत नाही. आणि पोर्टलवर जिथे पत्त्याची दुसरी ओळ असते ना, तिथे पण हेच टाकलं. पत्त्यात. "सिडको, नाशिक, कॉल करू नका". दुसरीकडे कुठे टाकायला जागाच नव्हती. ज्यांना माझ्यासारखा प्रॉब्लेम आहे त्यांनी सरळ हेच करा, मला याचा खरंच उपयोग झाला, त्यानंतर दोन कंपन्यांचे मेसेज आले.

मेळाव्यांबद्दल. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा असं बॅनर तुम्ही बघितलं असेलच, शिवाय दिव्यांगांसाठी म्हणून पण वेगळे भरतात. मी एकूण चार केले. एक गोष्ट चांगली की एका दिवसात दहा-पंधरा कंपन्या समोर मिळतात आणि रिझल्ट तिथल्या तिथे कळतो, पोरं खरंच लागतात, माझ्या आयटीआयच्या बॅचमधले तिघं मेळाव्यातूनच सातपूरला लागलेत, ज्यांना ऐकू येतं चालता येतं त्यांनी डोळे झाकून जावं, दहा बायोडेटा आणि पाण्याची बाटली घेऊन. सकाळी लवकर जा, दुपारी तीननंतर एचआरवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

पण एक मेळावा, कुठला ते नाही सांगत, खास दिव्यांग उमेदवारांसाठी होता आणि हॉल पहिल्या मजल्यावर. लिफ्ट होती, बंद. व्हीलचेअरवरच्या एका दादाचा इंटरव्ह्यू शेवटी पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधे झाला, कंपनीचा माणूस खाली आला त्याचं मात्र कौतुक. वर काय चालू होतं तर माइकवरून नावं पुकारत होते. मी तिथे बसलेली, माझ्यासारखे अजून वीस-बावीस जण, त्यातले बरेच एकमेकांशी साइनमध्ये बोलत होते, मला साइन जेमतेम येते कारण मी साध्या शाळेतच शिकले, आणि स्टेजवरचा माणूस माइक तोंडाला एवढा चिकटवून बोलत होता की ओठ पण दिसेनात. शेवटी आमच्यातल्याच एका मुलानं जाऊन यादी मागून घेतली आणि भिंतीला चिकटवली. दोन मिनिटांचं काम. सेलोटेप पण त्याचाच.

आणि जागा कसल्या होत्या माहितीये? टेलिकॉलर. कस्टमर केअर. परत टेलिकॉलर. एका टेबलावर मी गेले, बायोडेटावर ती ठळक ओळ, त्या मुलीनं वाचली, वर बघितलं, परत वाचली, आणि मग दोघी खूप वेळ हसलो. तिला बिचारीला वरून सांगितलेलं की दिव्यांग म्हणजे बसून करायचं काम द्या. दिव्यांग म्हटलं की लोकांना व्हीलचेअरच दिसते. कायद्यात २१ प्रकार आहेत हो, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते, पण टेबलावर अजून एकच आहे.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली ती पण केली. १८ ते ३५ वयाच्यांना सहा महिने कुठल्यातरी ऑफिसात किंवा कंपनीत काम, आणि विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००. मी आयटीआय म्हणून ८,०००. नंतर अजून पाच महिने वाढवले, एकूण अकरा. मला एका सरकारी ऑफिसात टाकलं, स्कॅनिंग आणि डेटा एंट्री, माणसं छान होती, वाढदिवसाला केक वगैरे, पैसे कधी वेळेवर कधी दोन महिन्यांचे एकदम. पण अकरा महिने संपले आणि एका शुक्रवारी सगळ्यांनी टाटा केलं, विषय संपला. मी इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक आणि अकरा महिने स्कॅनर चालवला, बायोडेटात काय लिहिणार? पण रोज घरातून कुठेतरी जायचं असतं ही सवय लागली, आणि पासबुकात स्वतःचे पैसे, ते काही कमी नाही. याला मी ना चांगलं ना वाईट असं म्हणेन.

आता एक इंटरव्ह्यू सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पोर्टलवरून अप्लाय केलेला, मेसेज आला, गेले. मोठी कंपनी, गेटवर सगळं चकाचक. लिप रीडिंगबद्दल लोकांना वाटतं की जादू आहे, तर तसं काही नाही, निम्मं अंदाजानं असतं. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, बंद ओठ, झालं. त्या साहेबांनी टेस्ट घेतली, ड्रॉइंग वाचायला दिलं, वायरीच्या टोकांना चार लग क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घेतले, मी भराभर केलं. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पास." मी इतकी खूश, थँक यू सर थँक यू सर, उठून हात जोडले. ते "बास" म्हणाले होते. म्हणजे बास, थांब आता. हे मला कळलं तेव्हा त्यांनी पेन घेऊन कागदावर लिहिलेलं, "काम चांगले आहे पण सेफ्टीमुळे घेता येणार नाही. सायरन ऐकू येणार नाही." त्या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे.

सायरनचं एवढंच म्हणते की मला सायरन ऐकू येत नाही हे खरं, पण तीनशे माणसं एकदम दाराकडे पळायला लागली तर ते मला दिसतं. फोर्कलिफ्टचं म्हणाल तर हल्ली त्यांना पुढे मागे निळा लाइट असतो, जमिनीवर पडतो, तो ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठीच लावलाय कारण शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या, आवाजात हॉर्न त्यांना पण ऐकू येत नाही! शॉप फ्लोअरवर सगळेच माझ्यासारखे असतात आठ तास, इअरप्लग घालून. हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं, तिथे नाही सुचलं, तिथे मी फक्त कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि एक्स्लो पॉइंटपर्यंत चालत आले.

२०१६ च्या कायद्याच्या नियमात आहे की २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीनं पण समान संधीचं धोरण करून लावायचं, आमच्यासाठी कुठल्या जागा चालतील, निवड कशी करणार, काय साधनं देणार हे त्यात लिहायचं. आरक्षण खाजगीत नाही, ते फक्त सरकारीत, पण धोरण आहे. मी आतापर्यंत जेवढ्या गेटमधून आत गेले त्यातल्या एकाच ठिकाणी ते भिंतीवर बघितलं, आणि ते कॅन्टीनच्या मेनूच्या मागे होतं.

मग नोकरी लागली कशी? तर ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लिहायची होती आणि इथे यायला एवढा वेळ लागला.

दिव्यांगांना ट्रेनिंग देणाऱ्या एका संस्थेत मी शेवटचा प्रयत्न म्हणून नाव घातलं होतं, सरकारी योजनेतूनच चालतं ते. तिथे प्लेसमेंट बघणारे एक सर आहेत, पन्नाशीचे, जुनी अॅक्टिव्हा, डिकीत कायम टोमॅटोची पिशवी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून, तोंड माझ्याकडे ठेवून, मला विचारलं. मला! आई शेजारी बसलेली, आणि आजपर्यंत प्रत्येक टेबलावर लोक माझ्याबद्दल आईलाच विचारत आले, "हिला काय काय येतं?" मी वीस सेंटीमीटरवर बसलेली. यांनी आईला चहा सांगितला आणि मला मल्टिमीटर दिला.

त्यांनी मला कुठे पाठवलं नाही आधी. ते स्वतः गेले. अंबडला गरवारे पॉइंटच्या बाजूला एक मध्यम कंपनी आहे, कंट्रोल पॅनल बनवते, तिथे ते एक दिवस जाऊन लाइनवर उभे राहिले, कोण कुठे बसतं, कुठे चालतं, सूचना कोण देतं, कशी देतं, सगळं बघून आले आणि मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. त्यातला एक फोटो टेस्टिंगच्या बोर्डाचा होता आणि खाली त्यांनी लिहिलं, "इथे अडेल." वायर नीट जोडली गेली की नाही ते बघायला कंटिन्यूटी चेक करतात, जोडलं असेल तर बझर वाजतो. पीक. मला पीक ऐकू येणार नाही. मल्टिमीटर असता तर आकडा बघून कळलं असतं, पण त्यांच्या बोर्डावर फक्त बझरच होता, आकडा नाही काही नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी हे बघितलं असतं तर लिहिलं असतं "उमेदवार अपात्र". या सरांनी कंपनीच्या मेंटेनन्सवाल्या भाऊंना गाठलं, बझरच्या जोडीला एक इंडिकेटर लावता येईल का विचारलं. भाऊ म्हणे त्यात काय, स्टोअरमध्ये पडलेत. पॅनलच्या दारावर लावतात तो साधा हिरवा दिवा, चाळीस-पन्नास रुपयांचा. अर्ध्या तासात लागला. आता माझ्या टेबलावर पीकच्या जागी हिरवं पेटतं, आणि गंमत म्हणजे शेजारच्या दोघी पण दिवाच बघतात, शॉपमध्ये रेडिओ मोठा असला की त्यांना पण बझर ऐकू येत नाही.

कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात, सरांनीच सांगितलं. कंपनीला वाटतं वाजवी सोय म्हणजे लाखभर खर्च, रॅम्प, मशीन, काय काय. माझी सोय पन्नास रुपयांत झाली, फक्त ती काय आहे हे बघायला एक माणूस गेटच्या आत जावा लागला.

नोकरी लागल्यावर पण ते तीनदा येऊन गेले. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर दादा मागून हाका मारायचे आणि मग चिडायचे, सरांनी त्यांना सांगितलं की समोरून या किंवा टेबलावर टकटक करा, तिला हादरा कळतो. आता दादा एवढ्या जोरात टकटक करतात की फेरूल, वायरीच्या टोकाला घालायच्या त्या बारीक नळ्या, उडतात, पण चालतंय. शिफ्ट बदलली की ग्रुपवर मेसेज टाकतात. आधी तोंडी सांगायचे, त्यामुळे मी एकदा सेकंडला येऊन बसले आणि माझी फर्स्ट होती, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. तो परत मिळाला नाही. मागितला पण नाही, नवीन होते.

तर स्टारचा हिशोब. नोंदणी, पोर्टल, रजिस्टर या भागाला दोन, कारण नाव लिहून घेतात, ठेवतात, आणि मग तुम्ही एक ओळ होता. मेळाव्याला तीन, ऐकू येत असेल तर चार. अकरा महिन्यांच्या प्रशिक्षणाला अडीच. आणि त्या अॅक्टिव्हावाल्या सरांना पाच पैकी सात, पण ते एकटे आहेत, त्यांच्याकडे शंभरावर मुलांची यादी आहे आणि पेट्रोलचे पैसे उशिरा निघतात असं त्यांनीच हसत हसत सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की दहा पोर्टल कमी करा आणि असे दहा सर वाढवा, मग मी स्वतः येऊन पाच स्टार लावते. तोवर सरासरी तीन.

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. यूडीआयडी, आधार, मार्कशीट, डोमिसाइल यांच्या झेरॉक्सचे पाच सेट करून ठेवा, पीडीएफ मोबाइलमध्ये पण ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं बघा नाहीतर विद्यावेतन लटकतं. एसटीला ४० टक्क्यांच्या पुढे ७५ टक्के सवलत आहे, सिन्नर-दिंडोरीकडे इंटरव्ह्यूला जाताना कामाला येते. अंध किंवा कमी दिसणाऱ्यांनी आधी सातपूरच्या नॅबमध्ये, म्हणजे अंधांसाठीच्या संस्थेत, चौकशी करा, तिथे या विषयातली माहिती असलेली माणसं भेटतात. सरकारी परीक्षेत लेखनिक लागत असेल तर फॉर्म भरतानाच टिक करा, तासाला २० मिनिटं जास्तीची पण मिळतात, नंतर आठवलं तर फार फिरावं लागतं. आणि राज्यात सरळसेवेला आपल्याला ४५ वर्षांपर्यंत वय चालतं, त्यामुळे तिशी उलटली म्हणून फॉर्म भरायचा सोडू नका, माझ्या ओळखीत दोघांनी असंच सोडलं होतं.

केंद्राचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेंटर मुंबईला आहे, शीवला. नाशिकला नाही. तिथे तुम्हाला काय जमेल याची नीट तपासणी करून ट्रेनिंग देतात म्हणे, मी गेले नाही त्यामुळे स्टार देत नाही. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण व्हीलचेअर घेऊन पंचवटीच्या गर्दीत चढून दाखवा मग बोलू.

अजून एक, आईवडिलांसाठी. टेबलावर तुम्ही उत्तरं देऊ नका. माझी आई आता शिकलीये, कोणी तिला माझ्याबद्दल विचारलं की ती हातानं माझ्याकडे दाखवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. सुरुवातीला तिला फार उद्धट वाटायचं ते.

नोकरी लागल्याचं मी सगळ्या पोर्टलवर अपडेट केलं, त्यातल्या एका ठिकाणी "नोकरी मिळाली" असा ऑप्शनच सापडला नाही, म्हणून तिथे मी अजून बेरोजगार आहे. हे टाइप करत असतानाच ०२५३ चा एक कॉल येऊन गेला, दोनदा. आईला द्यावा तर ती भाजी आणायला गेलीये.